डिक्सव्हिल नॉच: सहा मतदारांचं गाव नक्की कोणाच्या बाजूचं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाची निवडणूक आली की आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक फोटो हमखास फिरतो. पांढरा बोर्ड, त्यावर मार्करने लिहिलेली दोन नावं, पुढे ३-३ नाहीतर ५-० असं काहीतरी, आणि खाली कोणीतरी टाकलेलं असतं "पहिला निकाल आला!!" हा फोटो डिक्सव्हिल नॉच या इवल्याशा गावातला, जिथे मतदानाच्या दिवशी मध्यरात्रीच मतं पडतात आणि लगेच निकालही लागतो. मग लगेच तेच तेच प्रश्न सुरू होतात. म्हटलं एकदाच नीट उत्तरं लिहून ठेवावीत, पुढच्या वेळी नुसती लिंक टाकता येईल.

हे डिक्सव्हिल नॉच आहे तरी कुठे?

न्यू हॅम्पशायर राज्याच्या पार उत्तरेच्या टोकाला, कोअस काउंटीत. कॅनडाची बॉर्डर तिथून जवळच आहे. नॉच म्हणजे डोंगरातली खिंड, आणि जागा खरंच तशीच आहे, दोन्ही बाजूंना उभे कडे, मधून २६ नंबरचा रस्ता, पलीकडे तळं आणि तळ्याकाठी बाल्सम्स नावाचं भलंमोठं जुनं हॉटेल. दुकान-बाजारासाठी कोलब्रूकला जावं लागतं. गाव म्हणायचं म्हणून म्हणायचं हो, चौक नाही, शाळा नाही, ग्रामपंचायतीसारखं ऑफिस नाही. २०२४ला इथे एकूण मतदार सहा.

मध्यरात्री मतदान कसं काय चालतं? हे कायदेशीर आहे का?

एकदम कायदेशीर. राज्याच्या कायद्यात सोय आहे की ज्या वस्तीत १०० पेक्षा कमी लोक राहतात तिथे मतदान रात्री १२ वाजता सुरू करता येतं, आणि यादीतल्या सगळ्यांनी मत टाकून झालं की केंद्र तिथल्या तिथे बंद करून मोजणी करता येते. सगळ्यांनी म्हणजे सगळ्यांनी. एक जण जरी झोपून राहिला तरी केंद्र उघडं ठेवावं लागेल आणि मग सगळी मजाच गेली. म्हणून इथला टक्का कायम १००.

मतदान कागदी मतपत्रिकेवर, मोजणी हाताने, आकडे मोठ्याने वाचून बोर्डावर लिहायचे. पाऊण तास वगैरे काही नाही, काही मिनिटांत खेळ खल्लास. २०२४ला तर आधी एका कलाकाराने ॲकॉर्डियनवर राष्ट्रगीत वाजवलं, मग सहा मतं पडली, मग मोजणी. आपल्याकडे तेव्हा सकाळचे साडेदहा वाजलेले असतात, त्यामुळे ऑफिसात चहा घेता घेता निकाल कळतो.

ही प्रथा कोणी सुरू केली?

नील टिलटसन. हा माणूस म्हणजे स्वतंत्र लेखाचा विषय आहे. रबराच्या धंद्यातला, लेटेक्सचे फुगे आणि नंतर डॉक्टर लोक वापरतात ते पातळ हातमोजे बनवण्यात त्याचं नाव मोठं. १९५४ला त्याने बाल्सम्स हॉटेल विकत घेतलं, तिथेच रबराची फॅक्टरीपण चालवली, आणि १९६०च्या निवडणुकीपासून हॉटेलातच मध्यरात्रीचं मतदान सुरू केलं. एक तर मत द्यायला दुसऱ्या गावी जायची कटकट गेली आणि दुसरं म्हणजे न्यूज एजन्सीवाल्यांना देशातला पहिला निकाल हवाच होता. हॉटेलची फुकट जाहिरात झाली ती वेगळी! मालकाचं डोकं बघा, पत्रकारांना राहायला खोल्या, फोन, जेवण सगळं एकाच छपराखाली, आणि मतदानाच्या खोलीत दर मतदाराला वेगळा बूथ, म्हणजे रांग नाही आणि बाराच्या ठोक्याला सगळे एकदम मोकळे. १९६० ते २००० पर्यंत पहिलं मत टिलटसनचंच असायचं. २००१ला तो वारला तेव्हा वय १०२.

पण पहिलं गाव हे नाही, हे लक्षात ठेवा. हार्ट्स लोकेशन नावाच्या दुसऱ्या वस्तीत १९४८लाच हे सुरू झालेलं, कारण तिथल्या रेल्वेवाल्यांना पहाटे कामावर जायचं असायचं. पत्रकारांचा त्रास होतो म्हणून त्यांनी १९६४नंतर बंद केलं आणि थेट १९९६ला परत चालू केलं. मिल्सफील्डमधेपण १९५२ला झालं होतं. पण हॉटेल फक्त डिक्सव्हिलकडे होतं, म्हणून नाव त्याचंच झालं.

बरं, मुद्द्याचं सांगा. गाव रिपब्लिकन की डेमोक्रॅट?

आकडे बघा आणि तुम्हीच ठरवा.

१९६०ला रिपब्लिकन निक्सन ९, डेमोक्रॅट केनेडी ०. पुढे १९६८ला चक्क डेमोक्रॅट हम्फ्री ८ आणि निक्सन ४. मग १९७२ला निक्सन १६ विरुद्ध मॅकगव्हर्न ३, १९७६ला फोर्ड १३ आणि कार्टर ११ म्हणजे अगदी घासून, आणि त्यानंतर रेगनचा काळ आला तो सरळ एकतर्फीच, १९८४ला रेगन २९ आणि माँडेल १. त्या एकाचं काय झालं असेल, हॉटेलात दुसऱ्या दिवशी नाश्त्याला सगळे एकमेकांकडे बघत असतील! १९८८ला थोरला बुश ३४, डुकाकिस ३, आणि एक मत तिसऱ्याच नावाला.

१९९२ माझं आवडतं वर्ष. बुश १५, अपक्ष पेरो ८, लिबर्टेरियन पार्टीचा आंद्रे मारू ५ आणि बिल क्लिंटन २. म्हणजे जो माणूस देशाचा अध्यक्ष झाला तो इथे चौथा आला, आणि ज्याचं नाव बहुतेक अमेरिकनांनी ऐकलंही नव्हतं तो त्याच्या पुढे. त्याच वर्षीच्या प्रायमरीतसुद्धा (प्रायमरी म्हणजे पक्षाचा उमेदवार कोण हे ठरवायला आधी होणारं मतदान) मारूला ११ आणि बुशला ९ पडली होती.

२०००ला धाकटा बुश २१, गोर ५, ग्रीन पार्टीचा नेडर १. २००४ला बुश १९, केरी ७. आणि मग २००८ला एकदम ओबामा १५, मॅकेन ६. हम्फ्रीनंतर ४० वर्षांनी इथे डेमोक्रॅट जिंकला. २०१२ला ओबामा ५ आणि रॉम्नी ५, पहिल्यांदा बरोबरी. २०१६ला हिलरी ४, ट्रम्प २, गॅरी जॉन्सन १, आणि एकाने मतपत्रिकेवर स्वतःच्या हाताने रॉम्नीचं नाव लिहिलं जो उभाच नव्हता. २०२०ला बायडन ५, ट्रम्प ०. २०२४ला ट्रम्प ३, हॅरिस ३.

म्हणजे २००४ पर्यंत बहुतेक करून रिपब्लिकन आणि नंतर काहीच सांगता येत नाही. माझं मत विचाराल तर या गावाला "कल" असा शब्दच लावू नये. सहा माणसांना कल नसतो, सहा माणसांना मतं असतात.

पण बदल तर झालाच ना? ३४-३ वरून ५-०, हे कसं?

बदल विचारांत किती झाला आणि माणसांत किती झाला हे वेगळं काढून बघा. एकूण मतांचा आकडाच घ्या, १९८८ला ३८ मतं, २०००ला २७, २००८ला २१, २०१२ला १०, २०१६ला ८, २०२०ला ५. गाव म्हणजे हॉटेल होतं. मतदार म्हणजे हॉटेल नाहीतर फॅक्टरीशी संबंधित माणसं, म्हणजे मॅनेजर, कर्मचारी, त्यांच्या घरचे. हॉटेल जोरात होतं तेव्हा मतदार भरपूर. टिलटसन गेला, हॉटेल मागे पडत गेलं आणि २०११ला बंदच झालं, पुढच्या वर्षी आतलं सामान लिलावात गेलं, टेबलखुर्च्या पलंग सगळं. नोकरी गेली की माणूस गाव सोडतो आणि गावासोबत मतदारयादीपण सोडतो. त्यामुळे १९८४चे २९ लोक "डेमोक्रॅट झाले" असं अजिबात नाही, त्यातले बहुतेक जण तिथे उरलेच नाहीत.

त्यातच अख्खं न्यू हॅम्पशायरपण बदललं हे खरं. १९६८ ते १९८८ हे राज्य दर वेळी रिपब्लिकनांकडे गेलं. १९९२पासून फक्त एकदा, २०००ला, तेही ७,२११ मतांनी, आणि नेडरने तिथे २२,००० च्या वर मतं खाल्ली होती. राज्याची ४ इलेक्टोरल मतं (अध्यक्ष कोण हे शेवटी ठरवणारी, राज्याराज्याला वाटून दिलेली मतं) गोरला मिळाली असती तर फ्लोरिडातल्या फेरमोजणीचा सगळा तमाशा होऊनही तो अध्यक्ष झाला असता. मतं खाणे हा प्रकार आपल्याला काही वेगळा समजवायला नको.

"डिक्सव्हिल जिंकलं तो देश जिंकला" असं म्हणतात, खरंय का?

नाही. मी बसून मोजलंय. १९६० ते २०२४ एकूण १७ निवडणुका. त्यात डिक्सव्हिलचा विजेता आणि देशाचा विजेता एकच निघाला ८ वेळा. चुकला ७ वेळा (१९६०, ६४, ६८, ७६, ९२, ९६ आणि २०१६). दोनदा बरोबरी. नाणं उडवलं असतं तरी एवढंच बरोबर आलं असतं. तरीपण चॅनलवाले दर वेळी "काय संकेत मिळतोय" म्हणून चर्चा लावतात कारण त्या रात्री दाखवायला दुसरं काहीच नसतं ना.

प्रायमरीत तर अजून गंमत. २००८च्या प्रायमरीत डेमोक्रॅट बाजूला ओबामा ७ आणि हिलरी ०, आणि संध्याकाळी राज्य जिंकली हिलरीने. २०१६ला रिपब्लिकन बाजूला केसिक ३, ट्रम्प २, राज्य ट्रम्पचं. २०२४च्या जानेवारीत रिपब्लिकन उमेदवारीसाठी ट्रम्पविरुद्ध लढणाऱ्या निकी हेलीला सहाच्या सहा, आणि राज्यात ट्रम्पने तिला चांगलं ११ टक्क्यांच्या आसपास मागे टाकलं. काही मराठी ग्रुपवर तेव्हा "भारतीय वंशाच्या हेलीची विजयी सलामी" असं फिरत होतं, तासाभरात ५० लोकांनी फॉरवर्ड केलं असेल, सहा मतं होती हो ती!

२०२४ला हेलीला ६ पैकी ६, मग नोव्हेंबरला ३-३ कसं झालं?

हा सगळ्यात चांगला प्रश्न आहे, कारण इथे या गावातून खरंच काहीतरी शिकायला मिळतं.

न्यू हॅम्पशायरमधे मतदार नोंदणी करताना पक्ष लिहिता येतो, रिपब्लिकन किंवा डेमोक्रॅट, किंवा कुठलाच नाही. कुठलाच न लिहिणारे राज्यात भरपूर आहेत आणि त्यांना प्रायमरीच्या दिवशी कुठल्याही एका पक्षाची मतपत्रिका मागता येते. मत दिलं की बाहेर पडताना टेबलावर सही करून परत "कुठलाच नाही" होता येतं. २०२४ला डिक्सव्हिलचे चार मतदार रिपब्लिकन म्हणून नोंदलेले आणि दोन कुठलाच नाही वाले. डेमोक्रॅट म्हणून नोंदलेला एकही नाही. सहाही जणांनी रिपब्लिकन मतपत्रिका घेतली आणि सहाही जणांनी हेलीला मत दिलं, म्हणजे ट्रम्पला शून्य.

नोव्हेंबरला त्यातल्या तिघांनी ट्रम्पला मत दिलं. तिघांनी हॅरिसला. आता हिशोब करा, पक्षाबाहेरचे दोघेही हॅरिसकडे गेले असं धरलं तरी तिसरं मत नोंदलेल्या रिपब्लिकनाचंच असणार. म्हणजे जानेवारीत ट्रम्प नको म्हणणारे सगळे, त्यातले निम्मे पक्षाकडे परतले आणि निम्मे नाही. देशभर हेलीच्या मतदारांचं काय होणार यावर लाखो डॉलरचे सर्व्हे झाले, इथे सहा माणसांत ते उघड्यावर दिसलं. भाकीत म्हणून नाही, पण पक्षाचं लेबल आणि प्रत्यक्ष मत यांत किती अंतर असू शकतं त्याचा नमुना म्हणून हे गाव भारी आहे.

२०२०ची प्रायमरीपण अशीच. मायकेल ब्लूमबर्गचं नाव न्यू हॅम्पशायरच्या मतपत्रिकेवर नव्हतंच. तरी लोकांनी हाताने लिहून त्याला ३ मतं दिली, दोन डेमोक्रॅट मतपत्रिकांवर आणि एक चक्क रिपब्लिकन मतपत्रिकेवर. रिपब्लिकन बाजूला तेवढं एकच मत होतं, म्हणजे गावातली रिपब्लिकन प्रायमरी एका डेमोक्रॅट उमेदवाराने १०० टक्के मतांनी जिंकली 😄

सहा जणांत गुप्त मतदान कसं राहणार? सगळ्यांना कळतच असेल ना?

बूथ वेगळा, मतपत्रिका घडी घातलेली, सगळं नियमाने. पण निकाल ५-० लागला की गुप्त काय राहिलं? २०२०ला प्रत्येकाचं मत जगाला कळलं. ३-३ असलं तरी एकमेकांना ओळखणाऱ्या सहा जणांना अंदाज येणारच. आणि बरेच जण लपवतही नाहीत. २०२०चा पहिला मतदार लेस ऑटन, हा आयुष्यभराचा रिपब्लिकन, २०१०ला शेजारच्या मेन राज्यात गव्हर्नरच्या उमेदवारीसाठी रिपब्लिकन प्रायमरी लढलेला, त्याने बायडनला मत दिलं आणि कॅमेऱ्यासमोर तसं सांगितलंसुद्धा.

आपल्याकडेही हे नवीन नाही. बूथवार आकडे बाहेर येतात आणि "तुमच्या वाडीतून आम्हाला ४० च पडली" हे पुढचा रस्ता अडवताना बरोबर आठवतं. निवडणूक आयोगाने कधीचंच सुचवलंय की अनेक मशीनची मतं एकत्र मिसळून मोजा, टोटलायझर म्हणतात त्याला, पण ते काही झालेलं नाही. डिक्सव्हिलमधे सूड घेणारा कोणी पुढारी नाही एवढाच काय तो फरक, नाहीतर गावाने चार पिढ्या मतं झाकून ठेवायची कसरत केली असती.

हे मतदार खरंच तिथे राहतात का? काही घोळ ऐकला होता.

घोळ नाही पण प्रश्न निघाला होता हे खरं. २०१६नंतर राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या ऑफिसने चौकशी केली, की यादीतल्या काहींचं खरं घर डिक्सव्हिलच आहे का. मग यादी अजून बारीक झाली. पुढे २०२०च्या आधी अशी वेळ आली की चारच रहिवासी उरले आणि निवडणूक घ्यायला लागणारी पदं भरायला पाच माणसं हवीत. प्रथा बंद पडणार अशा बातम्यापण आल्या. तेवढ्यात लेस ऑटन तिथे राहायला आला, जो बाल्सम्स परत उभं करायच्या मागे आहे, आणि पाचवा माणूस मिळाला. म्हणजे १९६०ला हॉटेलमालकाने सुरू केलं आणि २०२०ला हॉटेल उभं करू पाहणाऱ्याने वाचवलं.

मग त्या भागाचा खरा कल कळायचा असेल तर काय बघायचं?

कोअस काउंटी बघा. ओबामाला दोन्ही वेळा मतं दिली आणि २०१६पासून तिन्ही वेळा ट्रम्पला. कारण शोधायला लांब जायला नको. बर्लिन हे तिथलं मोठं गाव, कागदाच्या लगद्याच्या गिरणीवर जगलेलं, कॅनडातून आलेल्या फ्रेंच कामगारांचं, युनियनवालं, म्हणून डेमोक्रॅट. २००६ला गिरणी बंद. शेजारच्या ग्रोव्हटनची पेपर मिल २००७च्या शेवटी बंद. आता बर्लिनमधे फेडरल जेल हा मोठा रोजगार आहे. गिरणगावातून आलेल्या घरातल्या वाचकाला मी पुढचं सांगायची गरज नाही, चिमणी थंड पडली की जुन्या पक्षाची निष्ठापण दहा-पंधरा वर्षांत थंड पडते.

आणि शेजारची मिल्सफील्ड वस्ती बघा. २०१६ला त्यांनी मध्यरात्रीचं मतदान परत सुरू केलं, ट्रम्प १६, हिलरी ४. २०२०ला ट्रम्प १६, बायडन ५. म्हणजे डिक्सव्हिलला ०-५ आणि त्याच रात्री थोड्या मैलांवर १६-५. २०१६ला डिक्सव्हिल, मिल्सफील्ड आणि हार्ट्स लोकेशन या तिन्ही ठिकाणची बेरीज केली तर ट्रम्प ३२ आणि हिलरी २५ होती, पण फोटो फिरला तो डिक्सव्हिलच्या ४-२ चाच.

असा आधी निकाल जाहीर करणं आपल्याकडे चालेल का?

नाही चालणार. आपल्याकडे शेवटच्या टप्प्याचं मतदान संपेपर्यंत एक्झिट पोलसुद्धा दाखवता येत नाही, इथे तर अख्खा निकालच बाकी देश झोपेतून उठायच्या आधी बाहेर. छोटं केंद्र मात्र आपल्याकडेही असतं, गीरच्या जंगलात बाणेजला एका मतदारासाठी अख्खी टीम जाते, अरुणाचलमधे मालोगामलाही एकीसाठी केंद्र लागलंय. पण त्यांची मतं इतरांसोबत ठरलेल्या दिवशीच मोजली जातात. मला आपली पद्धत जास्त बरोबर वाटते, सहा मतांनी कोणाचं मन बदलत नसेल हे मान्य, पण नियम सहांसाठी वेगळा कशाला.

जाऊन बघता येतं का?

मतदानाच्या रात्री खोलीत मतदारांपेक्षा कॅमेरेच जास्त असतात, त्यामुळे आत शिरायला मिळेल या भरवशावर बोस्टनहून चार तास गाडी मारू नका. हॉटेल बंद झाल्यापासून मतदान तिथल्याच दुसऱ्या घरांत होतं, २०२४ला टिलटसन हाउसमधे झालं. बाकी ऑक्टोबरच्या सुरुवातीला पानांचे रंग बघायला जा, खिंडीवर चढायला छोटा ट्रेलपण आहे. मोबाइलची रेंज मधे मधे जाते आणि रस्त्यावर मूस (अवाढव्य हरणं) येतात, रात्री हळू चालवा.